वस्तीतल्या मुलांच्या समुपदेशनाला पैसा कुठून आणायचा?

वह्या-दप्तरांसाठी पैसे मिळतात. संगणकांसाठी, शौचालयासाठी, शाळेच्या रंगरंगोटीसाठीही मिळतात, कारण तिथे फीत कापता येते आणि भिंतीवर नाव लावता येतं. पण शाळा सोडलेल्या, व्हाइटनरच्या नादाला लागलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाशी एक शिकलेला माणूस दर आठवड्याला तासभर बोलणार आहे, त्याच्या पगाराला हातभार लावा, असं म्हटलं की समोरचा विचारतो, "ते ठीक आहे, पण मुलांना देणार काय?" ज्यांना हा प्रश्न लवकरच विचारला जाणार आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. वस्तीत, पाड्यावर किंवा तालुक्याच्या गावी धोक्याच्या उंबरठ्यावरच्या मुलांसाठी समुपदेशनाचं काम सुरू केलंय किंवा करायचंय, हातात थोडी माणसं आहेत आणि पैसा जवळपास नाही, असं मी धरून चालतो.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. या कामात खर्च म्हणजे माणसांचे पगार. तो साहित्य, शिबिरं आणि खाऊच्या आड लपवला, तर पहिल्या वर्षी पैसा मिळेल आणि दुसऱ्या वर्षी समुपदेशक सोडून जाईल.

पायरी १: कोणती मुलं, कुठली, कशासाठी

प्रस्तावाला हात लावण्याआधी एका पानावर हे लिहून काढा. "वंचित मुलांचं मानसिक आरोग्य" हे वाक्य कुणाचंच पाकीट उघडत नाही. वस्तीचं नाव, मुलांचं वय, त्रास कसा दिसतो (गळती, नशा, घरातली मारहाण, पोलीस ठाण्याच्या खेपा, हातावर ब्लेडने ओढलेल्या रेघा) आणि आज ही मुलं मदतीसाठी कुठे जातात किंवा जात नाहीत, हे त्यात हवं.

वयाचा भाग नीट ठरवा. बाल न्याय कायदा, २०१५ अठराव्या वर्षापर्यंतच्या मुलांचा आहे. त्यात दोन गट आहेत: काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालके (त्यांचं बाल कल्याण समिती बघते) आणि विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेली बालके (त्यांचं बाल न्याय मंडळ बघतं). बालकांसाठीच्या योजनांचा पैसा याच चौकटीत फिरतो. तुमच्या गटात एकोणीस-वीस वर्षांची पोरं असतील, आणि वस्तीत ती असतातच, तर त्यांचा गट व खर्च सुरुवातीपासून वेगळा दाखवा. नाहीतर लेखापरीक्षणात नको तो प्रश्न निघतो.

गरज सिद्ध करायला आकडे लागतात, पण ते जपून वापरा. निम्हान्स या बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळले. हा आकडा सगळे उचलतात. पण सर्वेक्षण १२ राज्यांत झालं होतं आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे "महाराष्ट्रातली ७.३ टक्के मुलं" असं लिहिलंत, तर जाणकार वाचक तिथेच थांबेल. त्यापेक्षा स्थानिक कागद जमवा. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांचं पत्र, बाल कल्याण समिती किंवा बाल न्याय मंडळाने तुमच्याकडे मुलं पाठवली असतील तर तसं, मुलांची नावं नसलेलं पत्र. बाल न्याय मंडळ मुलाला गट समुपदेशनाला जाण्याचा आदेश देऊ शकतं, आणि असं काम करणाऱ्या संस्था त्यांना हव्याच असतात. मंडळाच्या बैठकीच्या दिवशी परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यांना जाऊन भेटा. या पत्रांना पैसे पडत नाहीत, आणि प्रस्तावाच्या जोडपत्रांत त्यांच्याइतका वजनदार कागद दुसरा नसतो.

पायरी २: बजेट

इथे घाई नको. एका वस्तीत, वर्षाला १२० मुलांपर्यंत पोहोचणारा छोटा कार्यक्रम धरू. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावच्या दरांप्रमाणे बदला.

एक समुपदेशक, महिना ३२,००० प्रमाणे वर्षाचे ३,८४,००० रुपये. दोन वस्ती-कार्यकर्ते, प्रत्येकी १५,०००, म्हणजे ३,६०,०००. पर्यवेक्षण, म्हणजे बाहेरच्या अनुभवी तज्ज्ञासोबत महिन्यातून दोन बैठका, २,५०० प्रमाणे ६०,०००. खोलीचं भाडं आणि वीज ९६,०००. प्रवास व फोन ७२,०००. प्रशिक्षण व साहित्य ६०,०००. अडीनडीचा निधी (रात्री रुग्णालयात न्यावं लागलं, औषधं, रिक्षा) ४८,०००. हिशेब, ऑडिट आणि कार्यालय १,०८,०००. एकूण ११,८८,००० रुपये, म्हणजे मुलामागे वर्षाला ९,९००.

यात दोन ओळी अशा आहेत की पैसे देणारे त्यांच्यावर हमखास काट मारू पाहतात: पर्यवेक्षण आणि अडीनडीचा निधी. दोन्ही सोडू नका. महिनाभर मुलांच्या मारहाणीच्या, अत्याचाराच्या गोष्टी ऐकणाऱ्या माणसाला स्वतःचं ओझं उतरवायला जागा नसेल, तर तो सहा महिन्यांत नोकरी बदलतो आणि नवा माणूस शोधून त्याला तयार करण्याचा खर्च त्या ६०,००० पेक्षा जास्त होतो. हे गणित प्रस्तावातच मांडा.

मुलामागचा खर्चही जरा उलगडून सांगा. १२० पैकी बहुतेक मुलं गटसत्रांना येतील. तीस-चाळीस मुलांना स्वतंत्र सत्रं लागतील. चार-पाच जणांना मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं लागेल. सरसकट "मुलामागे इतके" म्हटलं की शेजारची संस्था ७०० रुपयांत दप्तर वाटते, तिच्याशी तुलना सुरू होते.

"सगळे प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञच हवेत का?" असंही विचारतील. इथे तुमच्याकडे भक्कम उत्तर आहे. गोव्यातल्या संगथ या संस्थेने वर्षानुवर्षं हेच तपासलंय की नीट प्रशिक्षण आणि पर्यवेक्षण असेल, तर पदवीधर मानसशास्त्रज्ञ नसलेले स्थानिक समुपदेशकही परिणामकारक काम करू शकतात. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी माध्यमिक शाळांत झालेल्या त्यांच्या सेहेर अभ्यासात, जो २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, असे नेमलेले समुपदेशक होते त्या शाळांत फरक पडला. तेच काम शिक्षकांवर सोपवलं तिथे पडला नाही. "आमच्या शाळांतले शिक्षकच हे करतील की, वेगळा पगार कशाला?" या प्रश्नालाही हेच उत्तर चालतं.

पायरी ३: कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण अर्ध्या संस्था इथेच अडतात.

महाराष्ट्रात बहुतेक संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली (किमान सात सभासद) आणि सोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदलेल्या असतात. केवळ ट्रस्ट करता येतो. कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली ना-नफा कंपनीही काढता येते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा. बदल अर्ज वर्षानुवर्षं प्रलंबित असलेल्या संस्था मी पुष्कळ पाहिल्या आहेत. कागदावर अध्यक्ष एक, बँकेत सही दुसऱ्याची, आणि पैसे देणाऱ्याचा माणूस नेमकं तेच तपासतो.

त्यानंतर आयकर. लोकांच्या तोंडी असलेली १२ए (संस्थेची करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराची करसवलत) ही नावं नव्या आयकर कायद्यातही बोलण्यात टिकून राहतील, कलमांचे आकडे मात्र १ एप्रिल २०२६ पासून बदलले आहेत, तेव्हा पत्रव्यवहारात काय लिहायचं ते सीएला विचारा. नव्या संस्थेला आधी तात्पुरती नोंदणी मिळते, मग नियमित. तिचं नूतनीकरण कधी आहे, ते कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. सरकारी अनुदानासाठी नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक लागतो. सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर खर्च करायच्या पैशासाठी, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्ज भरून क्रमांक घ्यावा लागतो.

आता नव्या लोकांना कुणी आधी सांगत नाही ती गोष्ट. सीएसआरचे पैसे घेणाऱ्या संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. बहुतेक सरकारी योजनाही तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब मागतात. म्हणजे काल नोंदवलेल्या संस्थेला हे दोन्ही दरवाजे बंद. त्यावर उपाय म्हणजे जुनी, विश्वासाची संस्था यजमान म्हणून शोधणं. तुमचं काम तिचा प्रकल्प म्हणून चालतं, पैसा तिच्या खात्यात येतो आणि तिथूनच खर्च होतो. करार मात्र लेखी करा: स्वतंत्र लेजर (खातेवही), सह्या कुणाच्या, प्रशासनापोटी किती टक्के, आणि पुढे वेगळं व्हायचं झालं तर नोंदी कुणाकडे राहतील. मैत्रीखातर तोंडी ठरवलेलं दुसऱ्या वर्षी हमखास कटू होतं.

याच टप्प्यावर बाल संरक्षण धोरण लिहा. चार पानं पुरतात. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की ते कळवणं बंधनकारक आहे, समुपदेशकालाही. म्हणून पहिल्याच सत्रात मुलाला "तू सांगशील ते माझ्यापाशीच राहील" असं सरसकट वचन देता येत नाही. कोणत्या गोष्टी बाहेर सांगाव्या लागतील, कुणाला आणि कशा, हे धोरणात नावनिशीवार हवं. मुलं अठराच्या आतली, तेव्हा पालकांच्या संमतीचा नमुनाही जोडा.

पायरी ४: पहिला पैसा गावातूनच

नवखे लोक थेट टाटा ट्रस्टला पत्र लिहितात. लिहा, पण त्याआधी आपल्या गल्लीत फिरा. महिना ५०० रुपये देणारे शंभर जण मिळाले, तर वर्षाचे सहा लाख होतात, म्हणजे वरच्या बजेटचा निम्मा भाग. शिवाय हा पैसा मोकळा असतो. समुपदेशकाचा पगार, पर्यवेक्षण, काहीही त्यातून करा, कुणी रकाना विचारत नाही. शंभर जण म्हणजे शाळेचे माजी विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, डॉक्टर, सोसायटीतली मंडळी. त्यांना बँकेतून दरमहा आपोआप कापून जाईल अशी सूचना भरून द्यायला सांगा. दर महिन्याला आठवण करायची वेळ आली की निम्मे गळतात.

करसवलतीवर फार भिस्त ठेवू नका. नव्या करप्रणालीत ८०जीची वजावट मिळत नाही, आणि पगारदारांपैकी बरेच आता त्याच प्रणालीत आहेत. जुन्या प्रणालीत असलेल्यांनाही २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर सवलत नाही, तेव्हा चेक किंवा यूपीआयच घ्या. देणग्यांचं वार्षिक विवरण वेळेत भरलं तरच देणगीदाराच्या हाती प्रमाणपत्र पडतं. आतापर्यंतची मुदत ३१ मे आहे. एप्रिलमध्ये सीए शोधू नका, तेव्हा ते सगळे बुडालेले असतात.

गणेश मंडळांकडे उत्सवाच्या दोन महिने आधी जा. मांडवात पोरं कार्यकर्ती म्हणून राबत असतात, आणि त्यांच्यातलीच काही तुमच्या यादीत असतात. हे मंडळाच्या अध्यक्षाला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. एकरकमी वीस-पंचवीस हजार मिळतील, आणि कधीकधी वर्षभर वापरायला मंडळाची खोली मिळते, जी त्याहून मोलाची आहे. लोकसत्ताचा 'सर्वकार्येषु सर्वदा' उपक्रम २०११ पासून गणेशोत्सवात निवडक संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक थेट संस्थेच्या नावे देणगी पाठवतात. निवड व्हायला काम मुरलेलं लागतं, पण ते कसं मांडतात हे वाचून ठेवा. मराठी वाचकाला काय भिडतं, ते त्यातून कळतं.

रोटरीच्या क्लबकडे लहान कामासाठी जिल्हा अनुदानातून रक्कम मागता येते. जागतिक अनुदानाचा प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा असावा लागतो, तो इतक्यात तुमच्या कामाचा नाही. २ ते ८ ऑक्टोबरचा दान उत्सव आणि जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन या नव्या देणगीदारांना भेटायच्या जागा आहेत. आमदार आणि खासदार निधीतून पगार देता येत नाही, तो कायमस्वरूपी बांधकामासाठी असतो. नगरसेवकाने समाजमंदिराची खोली आठवड्यातून तीन दुपार दिली, तर बजेटमधले ९६,००० वाचतात, आणि तेवढंच मागा.

फुकट मिळणारी माणसंही मोजा. पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था, मुंबईची निर्मला निकेतन, टाटा समाजविज्ञान संस्थेचं (टिस) मुंबई व तुळजापूर, इथले समाजकार्याचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी संस्था शोधत असतात. त्यांच्या हाती थेट उपचाराची सत्रं देऊ नका. घरभेटी, नोंदी, खेळाचे गट त्यांना छान जमतात.

१९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातल्या जागेत, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने आणि डॉ. अनिता अवचटांच्या कामावर. जागा सरकारची, पहिला पैसा ओळखीच्या माणसांचा, काम आपलं: ही जुळणी आजही पहिल्या वर्षाला सगळ्यात बरी पडते.

पायरी ५: सीएसआर

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटींच्या वर आहे, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. सीएसआर खर्चात महाराष्ट्र देशात सातत्याने सर्वात वर असतो. पण त्यातला मोठा वाटा मुंबई, पुणे, ठाण्याच्या आसपास मुरतो, आणि तुम्ही नंदुरबार किंवा हिंगोलीत असाल तर ते तुम्हाला सांगायला नको.

कंपनी शोधायची रीत अशी. राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर जिल्हावार, विषयवार खर्च दिसतो. कंपन्यांच्या वार्षिक अहवालात सीएसआरचं जोडपत्र असतं. त्यात प्रकल्प, जिल्हा, रक्कम आणि काम करणारी संस्था दिलेली असते. तुमच्या जिल्ह्यात आरोग्यावर किंवा किशोरवयीन मुलांवर आधीच खर्च करणाऱ्या दहा कंपन्यांची यादी काढा. कायदा कंपनीला आपल्या कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो. म्हणून मुंबईच्या मुख्यालयाला ईमेल करण्यापेक्षा चाकण, वाळूज, बुटीबोरीच्या कारखान्यातल्या एचआर अधिकाऱ्याला भेटणं बरं. कामगारांची मुलं त्याच वस्त्यांत राहतात, आणि शिफारस तिथूनच वर जाते.

सीएसआरमध्ये चालणाऱ्या कामांची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे, त्यात "समुपदेशन" हा शब्द शोधू नका. तुमचं काम "प्रतिबंधात्मक आरोग्यसेवेसह आरोग्यसेवा" या कलमात बसतं. मुलांना परत शाळेत किंवा कौशल्य प्रशिक्षणात आणत असाल, तर शिक्षणाच्या कलमातही. कंपनीच्या माणसाला हे तुम्हीच सांगा, त्याचं अर्धं काम होतं.

"आम्ही पगार देत नाही, प्रशासकीय खर्च फक्त ५ टक्के चालतो," हे वाक्य तुम्ही ऐकणारच. २०२१ च्या नियमांतली ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापन खर्चावर आहे. प्रकल्प राबवायला लागणारे समुपदेशक आणि कार्यकर्ते हा थेट प्रकल्पाचा खर्च आहे. वाद घालू नका, बजेटमध्येच तो "प्रकल्प अंमलबजावणी" या मथळ्याखाली मांडा. काही कंपन्यांचं स्वतःचं धोरण तरीही आडवं येतं. मग ती कंपनी तुमची नाही, पुढची पाहा.

वेळेचं म्हणाल, तर बहुतेक कंपन्यांत वर्षाचा आराखडा एप्रिल ते जूनमध्ये ठरतो. त्याआधी, जानेवारी-फेब्रुवारीत, ओळख झालेली असावी. मार्चमध्ये उरलेले पैसे संपवायची धावपळ असते आणि अचानक फोन येतो. तेव्हा पैसा घेताना बघा की खर्च कधीपर्यंत करायचा आहे. तीन आठवड्यांत पाच लाख समुपदेशनावर खर्च होत नाहीत. अनेक वर्षांचा प्रकल्प म्हणून मंजूर करून घेता येतो का, ते त्याच फोनवर विचारा.

पायरी ६: सरकार

सरकारी पैसा येतो, पण उशिरा येतो. पगार त्यावर टांगू नका.

नशेच्या बाबतीत सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अमली पदार्थांची मागणी कमी करण्याच्या राष्ट्रीय कृती आराखड्यात किशोरांसाठी समवयस्कांमार्फत वस्तीत काम करण्याचा एक घटक आहे. तुमच्या कामाशी तो सगळ्यात जवळचा. अर्ज ई-अनुदान पोर्टलवर असतात आणि राज्याची शिफारस लागते, म्हणून जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांशी आधी बोला. अर्ज करण्यापूर्वी चालू वर्षाची मार्गदर्शक तत्त्वं उतरवून घ्या. मागच्या वर्षीची कुणी पीडीएफ पाठवली, तर तिच्यावर अर्ज बेतू नका.

मिशन वात्सल्य ही बाल संरक्षणाची केंद्राची योजना जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत चालते. छोट्या संस्थेला तिच्यातून थेट प्रकल्प मिळणं अवघड, पण तुमच्याकडच्या मुलांना प्रायोजकत्व किंवा राज्याच्या बालसंगोपन योजनेचा लाभ मिळवून देता येतो. घरात महिन्याला थोडा पैसा आला की मूल कामावर जायचं थांबतं आणि सत्राला येतं.

आरोग्य खात्याकडून पैसा नाही, माणसं मिळतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे मानसोपचारतज्ज्ञ ठरलेल्या दिवशी तालुक्याला येतात आणि सरकारी दवाखान्यात औषधं मोफत असतात. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखालची मैत्री क्लिनिकं उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत असतात. या दोघांशी लेखी समन्वय असेल, तर प्रस्तावात "गंभीर मुलांचं काय करणार?" हा रकाना रिकामा राहत नाही. महापालिकेत समाज विकास आणि जिल्हा परिषदेत महिला व बालकल्याण विभागाची तरतूद दरवर्षी असते. अंदाजपत्रकाआधी डिसेंबरमध्ये निवेदन द्या, नंतर नाही.

पायरी ७: मोठे ट्रस्ट आणि परदेशातले आप्त

मानसिक आरोग्यालाच वाहिलेले भारतीय दाते थोडे आहेत. मुंबईचा मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह त्यांतला ठळक. अझीम प्रेमजी फाउंडेशन आणि टाटा ट्रस्ट व्यापक कामं करतात. यांच्याकडे जाताना चाळीस पानी प्रस्ताव नको, दोन पानांची टिपणी पाठवा. आधी त्यांच्या संकेतस्थळावर ते सध्या अर्ज स्वीकारतात का, तेवढं बघा. कुणाला आधी मदत केली ती यादी बहुधा तिथेच असते, आणि त्यातल्या एखाद्या संस्थेतल्या माणसाशी चहावर बोलणं हा सगळ्यात उपयोगी गृहपाठ.

अमेरिकेत, आखातात मराठी मंडळी आहेत, देणारीही आहेत. महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या संस्था कितीतरी वर्षं इकडच्या कामांना मदत करतात. पण इथे कायदा नीट समजून घ्या. भारतीय पासपोर्ट असलेला तुमचा भाचा दुबईहून स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवतो, ती परकीय देणगी नाही. न्यू जर्सीतल्या मावसभावाने अमेरिकी नागरिकत्व घेतलंय, तर त्याचे शंभर डॉलरही परकीय देणगी, मग त्याच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असो वा नसो. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या काळात मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेली असावी लागते. पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो आणि २०२० पासून तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, म्हणजे नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेने तो घेऊन तुमच्या खात्यात द्यायचा, ही पळवाट इथे चालत नाही. परदेशातून कुणीही पैसे पाठवतो म्हटलं, की आधी पासपोर्टची प्रत मागा. नातेवाईक रुसला तरी चालेल.

पायरी ८: प्रस्ताव

बहुतेक प्रस्तावांत असं वाक्य असतं: "सर्वांगीण मनोसामाजिक हस्तक्षेपांद्वारे वंचित युवकांचे सक्षमीकरण करणे हे प्रकल्पाचे उद्दिष्ट आहे." वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही. तेच असं लिहा: "वस्तीतली १२ ते १७ वयाची १२० मुलं वर्षभर आठवड्यातून एकदा गटात भेटतील. त्यांतल्या साधारण चाळीस जणांना समुपदेशक स्वतंत्र आठ ते बारा सत्रं देईल. शाळा सोडलेल्यांपैकी किती परतली, आणि परतलेल्यांपैकी किती सहा महिन्यांनी टिकली, ते आम्ही मोजू." यात कुठलंही मोठं वचन नाही, पण तपासता येण्यासारखं सगळं आहे.

मोजमापासाठी मुलांच्या भावना-वर्तनातल्या अडचणी मोजणारी २५ प्रश्नांची एसडीक्यू प्रश्नावली सुरुवातीला आणि सहा महिन्यांनी भरून घेता येते. सोबत हजेरी, गळती, पुढे पाठवलेली मुलं. "१०० टक्के मुलं नशामुक्त" असलं काही लिहू नका. नशेत पुन्हा घसरणं होतंच, आणि ते अहवालात प्रामाणिकपणे लिहिणारी संस्था अनुभवी दात्याला जास्त विश्वासाची वाटते.

पायरी ९: पाहुणे आणि फोटो

पैसे देणारे काम बघायला येतात, ते रास्त आहे. एका कंपनीची मंडळी वस्तीत आली होती. चहा झाल्यावर त्यांतल्या एकांनी आमच्या कार्यकर्तीला म्हटलं, "एखादं मूल बोलवा ना, त्याच्या तोंडून ऐकू, एक छोटा व्हिडिओ करू." ती म्हणाली, "सर, मुलं शाळेत आहेत, पण मी तुम्हाला रजिस्टर दाखवते." आणि तिने नावांऐवजी क्रमांक असलेलं रजिस्टर उघडून एका मुलाची आठ महिन्यांची हजेरी ओळीने दाखवली: सुरुवातीला गैरहजर, मग कधीतरी, मग सलग. पाहुणे बराच वेळ त्या पानावर होते. व्हिडिओचा विषय पुन्हा निघाला नाही.

हे सौजन्याचं प्रकरण नाही, कायद्याचं आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा बालकाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेहरा पुसट करून गल्लीचा फलक मागे ठेवला तरी ओळख पटतेच. करारात आधीच एक कलम घाला: मुलांचे फोटो, मुलाखती, खऱ्या गोष्टी मिळणार नाहीत. त्याऐवजी खोलीचे, भिंतीवरच्या चित्रांचे, कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाचे फोटो मिळतील. गोष्ट हवीच असेल, तर तीन-चार मुलांच्या अनुभवांतून तपशील बदलून रचलेली, आणि खाली तसं लिहिलेली.

पायरी १०: पैसा आल्यावर

प्रत्येक दात्यासाठी वेगळं लेजर ठेवा. एकाच समुपदेशकाचा पूर्ण पगार दोन दात्यांकडे दाखवला, तर ती फसवणूक ठरते. ६०-४० वाटून दाखवला, तर चालतं. व्हाउचर त्याच दिवशी भरा. विनियोग प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) सीएच्या सहीने वेळेत द्या, पुढचा हप्ता त्यावरच सुटतो. खर्च कमी झाला असेल, तर तो वर्षाच्या शेवटी दडवून साहित्यात उडवू नका. सातव्या महिन्यात पत्र लिहून दुसऱ्या रकान्यात वळवायची परवानगी मागा, बहुधा मिळते.

नूतनीकरणाची बोलणी नवव्या महिन्यात सुरू करा. कोणत्याही एका दात्याचा वाटा निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका. गावातून येणाऱ्या मोकळ्या पैशातून तीन महिन्यांचे पगार बाजूला साठवत जा. या नमुन्यात तीन पगार आणि पर्यवेक्षण मिळून ते २,०१,००० होतात. कारण अनुदान थांबलं, तरी मधल्या सत्रात असलेल्या मुलाला "पुढच्या आठवड्यापासून ताई येणार नाहीत" असं सांगता येत नाही. त्या तीन महिन्यांत नवी मुलं घ्यायची नाहीत, चालू मुलांची सत्रं शेवटापर्यंत न्यायची, ज्यांना पुढे गरज आहे त्यांना जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या दिवशी स्वतः सोबत जाऊन ओळख करून द्यायची, आणि प्रत्येक मुलाच्या हाती एक चिठ्ठी द्यायची: बालकांसाठी १०९८, मानसिक त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६, नशेसाठी १४४४६.